जंगल मोजताना टूकन का मोजला जात नाही?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येप्रमाणे 0.5 हेक्टरपेक्षा मोठी जमीन, तिच्यावर 5 मीटरपेक्षा उंच झालेली किंवा तेवढी उंच होऊ शकणारी झाडे आणि त्यांच्या छत्राने झाकलेली किमान 10 टक्के भूमी, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या की त्या जागेला वन म्हणता येते. शेतीखालची जमीन यातून वगळली असली तरी रबराची लागवड मात्र याच व्याख्येत वन म्हणून बसते. जगभरातल्या देशांचे वनक्षेत्र वाढले की घटले, हे सांगणारे आकडे याच पायावर उभे असतात. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेम येथे उष्ण कटिबंधीय वनांसाठी जो नवा जागतिक निधी जाहीर झाला, त्याचीही आखणी साधारण अशीच आहे. जो देश आपले जंगल उभे ठेवील त्याला दर हेक्टरी वर्षाला सुमारे 4 डॉलर मिळावेत आणि जंगल उभे आहे की नाही हे उपग्रहाने पाहावे, असा तिचा गाभा आहे. या योजनेत मूलनिवासी व स्थानिक समाजांसाठी पाचवा हिस्सा राखून ठेवण्याची तरतूद आहे, ती स्वागतार्ह आहे. तरीही या साऱ्या हिशेबात एक रकाना कोराच राहतो. त्या झाडांवर कोण राहते, त्यांची फळे कोण खाते आणि त्यांच्या बिया कोण वाहून नेते, हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे की वर्षावनासाठी दिला जाणारा सार्वजनिक पैसा आणि त्या वनाची अधिकृत मोजणी, या दोन्हींमध्ये मोठ्या फलाहारी पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या अस्तित्वाला ठरावीक वजन असले पाहिजे. असे का, हे समजून घ्यायला टूकनसारखा दुसरा पक्षी क्वचितच सापडेल. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांची ओळख म्हणून तो भित्तिचित्रांवर, टपाल तिकिटांवर आणि पर्यटनाच्या पत्रकांवर सर्वत्र झळकतो. बेलीझ या देशाचा तर तो राष्ट्रीय पक्षी आहे. इतक्या ओळखीचा पक्षी जंगलाच्या मोजणीत मात्र कुठेच नसतो.

दक्षिण मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत पसरलेल्या या कुळात चाळीसहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या ज्या जातीचे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते तो इंद्रधनुषी चोचीचा टूकन मेक्सिकोपासून कोलंबिया-व्हेनेझुएलापर्यंतच्या वनांत राहतो. अंग काळे, गळा आणि छाती पिवळीधमक, शेपटीखाली लाल पट्टा, आणि चोच अशी की पोपटी, नारिंगी, निळा आणि टोकाला गर्द लाल असे सगळे रंग एकाच वेळी तिच्यावर ओतले आहेत. सर्वांत मोठा टोको टूकन 60 सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा असतो आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा चोचच व्यापते. आपल्या धनेशाशी त्याचे लांबून साम्य वाटते खरे, पण ते नात्याचे नव्हे. टूकन सुतारपक्ष्यांच्या गोतावळ्यातला आहे आणि उंच झाडांवरची फळे खाऊन जगण्याच्या एकसारख्या धंद्यामुळे दोन वेगळ्या खंडांवरच्या दोन वेगळ्या कुळांना मिळतीजुळती चोच लाभली आहे.

अठराव्या शतकातल्या युरोपीय निसर्ग अभ्यासकांना ही चोच निसर्गाची चूक वाटली होती. एवढे ओझे घेऊन हा पक्षी उडतोच कसा, असा त्यांचा प्रश्न होता. ते ओझे प्रत्यक्षात नाहीच. चोचीचे बाहेरचे कवच केराटिनच्या एकमेकांवर चढलेल्या बारीक खवल्यांचे असते आणि आत हाडांच्या बारीक तंतूंची, पोकळ्यांनी भरलेली फेसासारखी जाळी असते. त्यामुळे शरीराच्या लांबीचा तिसरा हिस्सा व्यापणारी चोच वजनात मात्र विसाव्या हिश्शाच्या घरात राहते आणि तरीही सहज मोडत नाही. 2009 मध्ये टोको टूकनवर उष्णता टिपणारे कॅमेरे रोखून केलेल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. हवा तापली की पक्षी चोचीकडे जाणारा रक्तप्रवाह वाढवतो आणि शरीरातली उष्णता तिच्या विस्तृत पृष्ठभागावरून बाहेर टाकतो, आणि थंडी वाढली की तोच प्रवाह आवरतो. झोपताना तो मान वळवून चोच पाठीवर ठेवतो, शेपटीचे टोकाचे मणके एकत्र जुळलेले असल्यामुळे शेपूट बिजागरीवर फिरावी तशी वर उचलून डोक्यावर घेतो आणि पिसांचा एक गोल गोळा होऊन बसतो. अरुंद ढोलीत एवढा पक्षी मावतो कसा, याचे उत्तर या सवयीत आहे.

ही चोच रोजच्या वापरात मात्र फळे तोडण्यासाठी असते. टूकनचे पंख आखूड आणि गोलसर असल्यामुळे तो दमदार उडणारा पक्षी नव्हे. चार-सहा वेळा पंख मारायचे, मग तरंगत खाली यायचे, अशा लाटेच्या चालीने तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. फांदीच्या टोकाची जी डहाळी त्याचे वजन पेलणार नाही तिच्यावरचे फळ तो जाड फांदीवर बसूनच गाठतो. चोचीच्या टोकात फळ धरतो, मान मागे टाकून ते हवेत किंचित उडवतो आणि घशात घेतो. त्याची जीभ लांब, अरुंद आणि कडांना पिसासारखी विंचरलेली असते. फळाचा गर पोटात राहतो आणि मोठी बी काही वेळाने चोचीतूनच, अगदी स्वच्छ होऊन, बाहेर पडते. ही बी कुठे पडते, यावर एका झाडाच्या पुढच्या पिढीचे भवितव्य अवलंबून असते.

पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर विरोला नावाचे एक झाड आहे. त्याचे फळ पिकले की उकलते आणि आत लालभडक वेष्टन असलेली एकच मोठी बी दिसते. टूकन, ग्वान नावाचे कोंबडीएवढे पक्षी आणि स्पायडर माकडे ही तिची मुख्य गिऱ्हाइके. 1980 च्या दशकात या बेटावर झालेल्या कामातून दिसले की जी बी आईच्या सावलीतच पडते ती जवळजवळ कधीच जगत नाही. बीमध्ये शिरणारे सोंडे किडे नेमके त्याच झाडाखाली तळ ठोकून असतात आणि पहिल्या बारा आठवड्यांतच शंभरातल्या नव्व्याण्णवहून अधिक बिया संपतात. तीच बी अवघ्या 45 मीटर पलीकडे जाऊन पडली तर तिच्या जगण्याची शक्यता 44 पटींपर्यंत वाढते. पुढे 2011 मध्ये पनामातच टूकनांच्या पाठीवर जीपीएस यंत्रे बसवून आणि बी पोटात किती वेळ राहते ते प्राणिसंग्रहालयातल्या टूकनांवर मोजून असा हिशेब मांडला गेला, की बी साधारण 25 मिनिटांत बाहेर येते आणि तोवर पक्षी तिला सरासरी 144 मीटर दूर नेऊन ठेवतो. सकाळी खाल्लेली बी दुपारच्या बीपेक्षा लांब जाते, कारण सकाळी पक्षी जास्त हिंडतो. विरोलाची फळे दिवसाच्या पहिल्या प्रहरी अधिक पिकून उकलतात, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे.

आता याच जंगलातून टूकन आणि ग्वान शिकारीने उठले आणि माकडे मारली गेली, अशी कल्पना करावी. उपग्रहाला दुसऱ्या दिवशी काहीही वेगळे दिसणार नाही. दहा वर्षांनीही दिसणार नाही, कारण विरोलाचे मोठे झाड पुढची कित्येक दशके उभेच राहील, फुलेल, फळेल आणि आपल्याच पायाशी बियांचा सडा घालून त्या किड्यांच्या तोंडी देईल. जंगलाचे आयुष्य माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठे असल्यामुळे त्याचे मरणही आपल्या नजरेला दिसण्याइतके जलद येत नाही. संवर्धनाचे अभ्यासक केंट रेडफर्ड यांनी 1992 मध्ये रिकाम्या जंगलाची कल्पना मांडली तेव्हा त्यांचा रोख नेमका या फसवणुकीकडे होता. झाडे जागेवर आहेत म्हणून जंगल सुरक्षित आहे असे मानणे चूक आहे, असा त्यांचा इशारा होता. तीस वर्षांहून अधिक काळ उलटला, संवर्धनाच्या प्रत्येक परिषदेत तो इशारा आदराने उद्धृत केला जातो, आणि पैसे वाटताना मात्र पुन्हा छत्राची टक्केवारीच विचारली जाते.

हा धोका कागदावरचा नाही, हे ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलाने दाखवून दिले आहे. ऊस, कॉफी, गुरे आणि शहरे यांनी हे जंगल तोडून त्याचे तुकडे केले. अनेक तुकड्यांतून टूकन आणि इतर मोठे फलाहारी पक्षी केव्हाच नाहीसे झाले. या जंगलात जुसारा नावाचा एक सडपातळ माड वाढतो. त्याचा कोवळा गाभा खाण्यासाठी तोडतात आणि खोड एकच असल्यामुळे गाभा काढला की झाड मरते. त्याची जांभळट-काळी गोल फळे हे या जंगलातल्या पक्ष्यांचे मोठे अन्न. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॉरो गालेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 22 ठिकाणच्या जुसारांच्या 9,000 हून अधिक बिया मोजल्या. जिथे टूकनसारखे मोठ्या तोंडाचे पक्षी टिकून होते तिथे बिया लहानही होत्या आणि चांगल्या मोठ्याही. जिथे ते पक्षी उरले नव्हते तिथे 12 मिलिमीटरपेक्षा जाड बी जवळजवळ दिसेनाशी झाली होती. तिथे फळे खाणारे उरले होते ते कस्तूर वर्गातले छोटे पक्षी, आणि त्यांच्या चोचीत त्याहून मोठे फळ मावत नाही. मोठ्या बियांची फळे झाडाखालीच कुजली, त्यांची रोपे उठली नाहीत आणि शे-सव्वाशे वर्षांच्या आत एका झाडाच्या बीचा आकारच बदलला.

या निष्कर्षातला पुढचा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. लहान बीत अन्नाचा साठा कमी असतो आणि पाणीही तिच्यातून लवकर उडून जाते. म्हणजे पाऊस अनियमित होऊ लागेल तेव्हा टिकून राहण्याची जी ताकद मोठ्या बीत होती ती या जंगलाने आधीच गमावलेली आहे. हवामानबदलाला तोंड द्यायचे म्हणून आपण जंगले राखायला निघालो आहोत आणि त्याच बदलाला तोंड देण्याची जंगलाची क्षमता एका पक्ष्याच्या जाण्याने कमी झाली आहे, याची नोंद कोणत्याही वनक्षेत्राच्या अहवालात सापडणार नाही. त्या अहवालात हे तुकडे हिरवेच दाखवलेले असतात.

येथे कोणी म्हणेल, की जंगल हवेतला किती कर्ब साठवते याच्याशी आम्हाला मतलब आहे, बी जाड की बारीक याच्याशी नाही. हा आक्षेप कर्बाच्या हिशेबातही टिकत नाही. उष्ण कटिबंधातल्या ज्या झाडांचे लाकूड घट्ट आणि जड असते, ज्यांच्या खोडात कर्ब जास्त साठतो, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बिया मोठ्या असतात. वाऱ्यावर उडणाऱ्या आणि चिमुकल्या पक्ष्यांनी नेल्या जाणाऱ्या बिया बहुधा भराभर वाढणाऱ्या, हलक्या लाकडाच्या झाडांच्या असतात. मोठे फलाहारी प्राणी गेले की जंगल हळूहळू हलक्या लाकडाकडे झुकते. अटलांटिक जंगलातल्या आकडेवारीवरून 2015 मध्ये हे मांडले गेले. 2024 मध्ये त्याच प्रदेशातल्या दुसऱ्या अभ्यासाने उलट बाजू दाखवली. तुटक जंगलात पक्ष्यांना मोकळेपणाने ये-जा करता आली, तर पुन्हा वाढणाऱ्या वनाची कर्ब साठवण्याची क्षमता 38 टक्क्यांपर्यंत अधिक असू शकते, आणि त्यात टोको टूकनसारख्या मोठ्या पक्ष्यांचा वाटा महत्त्वाचा आहे. आसपासचे वनाच्छादन 40 टक्क्यांच्या खाली गेले की हे मोठे पक्षी उघडा मुलूख ओलांडायला कचरतात आणि ही सेवा आटत जाते. तेव्हा कर्बासाठी पैसे मोजणाऱ्यानेही फक्त आजचा साठा मोजून थांबणे शहाणपणाचे नाही. तो साठा उद्या पेरणारा कोणी तिथे आहे का, हे त्याने आपल्याच पैशाच्या काळजीपोटी विचारायला हवे.

झाडे लावा, प्राणी मागून येतील, हा दुसरा लोकप्रिय युक्तिवाद आहे. याची परीक्षा रिओ द जानेरोच्या डोंगरांवर दीडशे वर्षे चालली आहे. कॉफीच्या मळ्यांनी तिजुकाचे डोंगर बोडके केले, शहराचे झरे आटू लागले आणि 1861 मध्ये सम्राट दुसरा पेद्रो याच्या सरकारने तिथे पुन्हा वन लावण्याचा निर्णय घेतला. मेजर आर्चर यांच्या देखरेखीखाली आणि गुलाम मजुरांच्या हातांनी हजारो रोपे लावली गेली. ही जगातल्या पहिल्या मोठ्या पुनर्वनीकरणांपैकी एक. (गंमत अशी की याच सम्राटाच्या राजवस्त्रात खांद्यावरचे आच्छादन टूकनच्या गळ्याच्या पिवळ्या-नारिंगी पिसांचे होते.) झाडे वाढली, पाणी परतले, 1961 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. पण चहूबाजूंनी शहराने वेढलेल्या त्या डोंगरावर मोठे फलाहारी जीव चालत येणार तरी कुठून? टूकन तिथे आले ते 1970 च्या सुमारास जीवशास्त्रज्ञ आदेल्मार कोइंब्रा-फिल्यो यांनी माणसांच्या हातांनी आणून सोडले म्हणून. बिया पुरून ठेवणारा अगूती हा मोठा कृंतक प्राणी 2010 च्या आसपास आणावा लागला आणि हाउलर माकडे 2015 मध्ये. म्हणजे झाडे लावल्यानंतर शंभर वर्षे ते जंगल आपल्या बिया पेरणाऱ्यांची वाट पाहत होते. तिजुकाला हे करणारे वैज्ञानिक मिळाले. प्रत्येक हिरव्या तुकड्याला ते मिळतील असे समजून धोरण आखता येत नाही.

शिवाय टूकनला नुसते झाड पुरत नाही, म्हातारे झाड लागते. सुतारपक्ष्याचा नातलग असूनही घट्ट लाकूड पोखरून घरटे करणे त्याला जमत नाही. फांदी मोडून कुजल्याने झालेली किंवा दुसऱ्या पक्ष्याने कोरून सोडलेली ढोली त्याला शोधावी लागते. त्या ढोलीच्या तळाशी, पक्ष्याने स्वतःच उलटून टाकलेल्या बियांच्या थरावर, दोन ते चार पांढरी अंडी घातली जातात. नर-मादी दोघेही ती उबवतात. पंधरा-वीस दिवसांनी बाहेर येणारी पिले उघडीनागडी आणि आंधळी असतात, त्यांच्या टाचांना जाड गाद्या असतात आणि त्यांवर टेकून ती त्या खडबडीत तळावर कित्येक आठवडे बसून राहतात. वीस वर्षांच्या लागवडीत अशी ढोली नसते. त्यामुळे एक हेक्टर जुने वन तोडून दुसरीकडे दोन हेक्टर नवे लावले की हिशेब फिटला, असे जे मानले जाते, ते टूकनच्या बाजूने पाहिले तर पन्नास-साठ वर्षांची घरपट्टी थकवण्यासारखे आहे.

आता माझ्या मुद्द्याविरुद्ध जाणारी सर्वांत भक्कम गोष्ट सांगतो, कारण ती टाळून हा विषय पुरा होत नाही. टूकन हा सोज्वळ फलाहारी पक्षी नाही. तो सरडे, कीटक खातो आणि इतर पक्ष्यांची अंडी व पिलेही उचलतो. ब्राझीलच्या पंतानाल या पाणथळ प्रदेशात जगातला सर्वांत मोठा पोपट, गडद निळा हायसिंथ मकाव राहतो. त्याची सुमारे 95 टक्के घरटी मंदुवी या एकाच झाडाच्या ढोलीत असतात आणि ढोली मिळण्याइतके ते झाड जुने व्हायला साठ वर्षांच्या आसपास लागतात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे या मकावच्या ज्या अंड्यांची लूट होते त्यांतली निम्म्याहून अधिक, 53 टक्के, टोको टूकन खातो. सरळ विचार करणारा माणूस म्हणेल की मकाव वाचवायचा तर टूकन हटवा. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की मंदुवीच्या बियांचा 83 टक्के प्रसार हाच टूकन करतो. अंडी खाणारा गेला तर काही वर्षे मकावची पिले वाढतील, आणि मग घरटे करायला झाडच उरणार नाही. कोस्टा रिकातल्या मोंतेव्हेर्देच्या ढगाळ वनातही, हवा उबदार होत गेली तसतसा इंद्रधनुषी चोचीचा टूकन डोंगर चढून वर आला आणि 1990 च्या दशकात क्वेत्झाल पक्ष्याच्या शेजारी घरटी करू लागला. क्वेत्झालला हा शेजारी सुखाचा नाही.

या उदाहरणांचा अर्थ मी असा लावतो, की एकाच लाडक्या जातीवर सगळी मोजणी टांगणे चुकीचे ठरेल. टोको टूकन तर विरळ झाडीत आणि माळांवरही निभावून नेतो, मग तो दिसला म्हणून आतले घनदाट वन शाबूत आहे असे म्हणता येणार नाही. मोजायचा तो फळे खाणाऱ्या मोठ्या जिवांचा संच, म्हणजे त्या त्या वनात स्वाभाविकपणे असायला हवेत ते टूकन, ग्वान आणि कोटिंगा हे पक्षी, माकडे, अगूती, आणि त्यांतले किती अजून पुरेशा संख्येने आहेत हा प्रश्न. टूकन त्या संचातला सर्वांत बोलका सभासद आहे, एवढेच.

बोलका हा शब्द इथे अगदी सरळ अर्थाने घ्यावा. इंद्रधनुषी टूकनची हाक बेडकाच्या डरावासारखी असते आणि दाट जंगलातही ती अर्ध्या मैलावरून ऐकू येते. छत्राच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या पक्ष्याला डोळ्यांनी मोजणे कठीण असले तरी कानांनी मोजणे तितके अवघड नाही. झाडाला बांधून ठेवता येणारी छोटी ध्वनिमुद्रण यंत्रे आता स्वस्त झाली आहेत आणि तासन्‌तासांच्या मुद्रणातून आवाज ओळखणारे संगणकीय कार्यक्रमही आले आहेत. इक्वेडोरच्या चोको जंगलात, सोडून दिलेल्या कुरणांवर आणि कोकोच्या मळ्यांवर वन परत येत असताना त्याची प्रगती अशा मुद्रणांवरून वाचता येते, हे 2023 मध्ये दाखवले गेले आहे. प्राणी मोजणे फार खर्चाचे आणि किचकट, म्हणून नाइलाजाने झाडे मोजतो, ही सबब वीस वर्षांपूर्वी पटण्यासारखी होती. आज ती सवयीची सबब आहे.

लोकांना या पक्ष्याबद्दल काही वाटत नाही, असेही म्हणता येत नाही. 2015 च्या जानेवारीत कोस्टा रिकातल्या आलाहुएला भागात एका टूकनची वरची चोच काही तरुणांनी मारून तोडली. पक्ष्याला ग्रेसिया हे नाव मिळाले, त्याच्यासाठी जगभरातून वर्गणी आली, त्रिमितीय मुद्रणाने तयार केलेली कृत्रिम चोच त्याला बसवली गेली आणि या प्रकरणाने पेटलेल्या संतापाचा 2017 च्या कडक प्राणिकल्याण कायद्याला मोठा हातभार लागला. हे सारे योग्यच झाले. पण एका टूकनच्या चोचीसाठी कायदा बदलणारे जग, टूकनांचा अख्खा थवा ज्या वनातून नाहीसा झाला त्या वनाला वनाचेच प्रमाणपत्र देत राहते, ही विसंगती मला बोचते. कोस्टा रिकाचेच उदाहरण पुढे न्यावे. 1980 च्या दशकात त्या देशाचे वनाच्छादन भूभागाच्या पावपट हिश्शापर्यंत घसरले होते. 1996 च्या वनकायद्याने जमीनमालकांना जंगल राखण्याबद्दल मोबदला देण्याची पद्धत आणली, त्याचा बराचसा पैसा इंधनावरच्या करातून उभा केला, आणि आज ते आच्छादन निम्म्याहून अधिक आहे. असा मोबदला देणारी यंत्रणा जिथे आधीच उभी आहे तिथे त्याच्या एका भागाला फलाहारी जिवांची अट जोडणे प्रशासकीयदृष्ट्या अशक्य नाही.

एक रास्त भीती मात्र उरते. पक्षी दिसले तरच पैसे, अशी अट घातली तर ज्या गावाचे जंगल दुसऱ्यांच्या शिकारीने आधीच रिकामे झाले आहे त्याला शिक्षा होईल, आणि आजवर ज्यांनी जंगल सांभाळले त्या मूलनिवासी समाजांच्या पोटासाठीच्या शिकारीवर दूरवरचा हिशेबनीस बोट ठेवील. म्हणून छत्राबद्दलचा मूळ मोबदला जसा आहे तसाच ठेवावा आणि त्यावर वेगळा, वाढीव हिस्सा असावा. तो आजच्या संख्येवर न देता पाच-दहा वर्षांतल्या सुधारणेवर द्यावा, म्हणजे रिकाम्या जंगलालाही तो मिळवण्याची संधी राहील. मोजणीचे काम आणि त्याची मजुरी स्थानिक लोकांकडेच असावी. कोणत्या झाडावर कोणत्या महिन्यात टूकन उतरतात हे त्यांना कोणत्याही यंत्राआधी ठाऊक असते. घरच्या चुलीसाठी केलेली शिकार आणि बाजारासाठी किंवा पिंजऱ्यासाठी केलेली लूट यांत फरक करावा. ढोलीतून पिले काढून विकण्याचा धंदा आणि मांसाचा व्यापार यांवर धाक बसवणे हे राज्याचे काम आहे, त्याचा भार गावावर टाकू नये. टूकनांच्या काही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे, पण देशांतर्गत बाजारपेठांपर्यंत त्या कराराचा हात पोहोचत नाही.

नव्या निधीचे नियम येत्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा तपासले जातील, कारण असे निधी सुरू होतात तेव्हा ते नेहमीच अर्धे कच्चे असतात. त्या तपासणीत उपग्रहाच्या चित्राशेजारी ध्वनिमुद्रणाचा एक रकाना आणि रोपांच्या पाहणीचा दुसरा रकाना मागितला पाहिजे. मोठ्या बियांच्या झाडांची कोवळी रोपे आईच्या सावलीपलीकडे उगवलेली आहेत का, एवढे पाहायला एक दोरी, एक वही आणि झाड ओळखणारा एक माणूस पुरतो. ती रोपे सापडली नाहीत, तर त्या हेक्टरचे 4 डॉलर नेमके कशाबद्दल दिले गेले, हे विचारण्याचा अधिकार पैसे देणाऱ्यांना आहे आणि त्या जंगलाच्या आधाराने राहणाऱ्यांना त्याहून अधिक आहे.